उपनगरांतील कवनांच्या शाळा

अलीकडे शाळांतून आणि दूरच्या वस्त्यांतून मुलांसाठीं गीतलेखनाच्या कार्यशाळा भरूं लागल्या आहेत. एखादा वाद्य वाजविणारा, एखादा शब्दांची जाण असलेला, असे दोघे-तिघे तरुण येतात, दोन-चार दिवस मुलांबरोबर बसतात, आणि अखेरच्या दिवशीं मुलें आपण रचलेलें गाणें आईबापांपुढें म्हणून दाखवितात. सुशिक्षित घरांतून या उद्योगाकडे दोन दृष्टींनीं पाहिलें जातें. कांहींना तें परदेशांतून आलेलें नवें खूळ वाटतें; कांहींना मुलांच्या सर्वांगीण का काय म्हणतात त्या विकासाचें साधन वाटतें. आमच्या मतें हीं दोन्हीं मतें इतिहासाला सोडून आहेत. मुंबईच्या उपनगरांत तरुणांना गाणें बांधावयास शिकविण्याचा उद्योग पाऊणशें वर्षांहून जुना आहे, आणि त्याच्या आरंभीं तरी करमणुकीचा हेतु मुळींच नव्हता.

आज अंधेरी किंवा घाटकोपर म्हटलें कीं मुंबईच डोळ्यांपुढें येते. परंतु १९५० पूर्वीं हीं स्थानें महापालिकेच्या हद्दीबाहेर होतीं. त्या सालीं हद्द जोगेश्वरी व भांडुपपर्यंत वाढली. १९५७ सालीं ती दहिसर व मुलुंड येथवर गेली. हद्दीबाहेर जागा स्वस्त, म्हणून शहरानें ज्यांना थारा दिला नाहीं अशीं माणसें इकडे सरकत गेलीं. त्यांत गिरणीकामगार होते, घाटावरून पोट भरावयास आलेलीं कुटुंबें होतीं, आणि ज्यांच्यापाशीं कलेवांचून दुसरें भांडवल नव्हतें असे कलावंतहि होते. या सर्वांबरोबर गाणीं आलीं, आणि गाणीं रचण्याच्या रीतीहि आल्या.

त्या रीतींचा उगम पाहूं गेलें तर पहिली शाळा जात्याची होय. दोघी बायका समोरासमोर बसून खुंटा धरीत. हाताच्या फेऱ्यानें लय ठरे. एकीनें ओळ उचलावी, दुसरीनें ती धरून पुरी करावी. शेजारीं बसलेली पोर आधीं नुसती मागून म्हणे. मग ओवींतल्या भावाच्या नांवाच्या जागीं आपल्या भावाचें नांव घाली. मग गांवाचें नांव बदले, आणि असें करतां करतां एके दिवशीं एक अख्खी ओळ तिची स्वतःची होई. ‘तूं आतां कविता कर’ असें तिला कोणीं कधीं सांगितलें नाहीं. हेमा रायरकर व गी पॉइतव्हँ या अभ्यासकांनीं आपल्या सहकाऱ्यांसह पुणें जिल्ह्याच्या मावळांतून आणि पुढें इतर भागांतून अशा ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. एक लाख ओव्या म्हणजे किती कवयित्री, याचा वाचकांनीं हिशेब करावा! पुढें पिठाच्या गिरण्या आल्या आणि ही शाळा बंद पडली. तिला फी नव्हती, म्हणून तिच्या बंद होण्याची बातमीहि कोठें छापून आली नाहीं.

दुसरी शाळा तमाशाच्या फडाची. तेथें पोरगा प्रथम झीलकरी होई, म्हणजे शाहिराच्या ओळीचें शेपूट धरून उंच स्वरांत ओढी. मग हातांत तुणतुणें येई. सवाल-जबाबांत उभें राहण्याची वेळ आली म्हणजे त्याला उभ्या उभ्या शब्द जुळवावे लागत, आणि जुळले नाहींत तर समोरचा प्रेक्षक क्षमा करीत नसे. १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापन झाल्यानंतर त्याच्या प्रचारकांनीं हाच सांगाडा उचलला. गण, गौळण, बतावणी, वग हा क्रम लोकांच्या ओळखीचा होता. आंतला मजकूर तेवढा नवा घातला. १९३० नंतर भीमराव कर्डक प्रभृतींनीं आंबेडकरी जलसे गांवोगांव नेले. आपल्या दहा भाषणांचें काम कर्डकांचा एक जलसा करतो, अशा अर्थाचे उद्गार बाबासाहेबांनीं काढल्याचें सांगतात. या जलशांतून जे तरुण उभे राहिले ते बहुतेक शाळेच्या पायरीवरून परत फिरलेले, किंवा त्या पायरीपर्यंत पोहोंचूंच न दिलेले होते. ही गोष्ट पुढील दोन चरित्रांत स्पष्ट दिसते.

वामन कर्डक यांचा जन्म १९२२ सालीं सिन्नर तालुक्यांतील देशवंडी येथें झाला. मुंबईस येऊन ते मजुरी करूं लागले. एका सोबत्यानें घरून आलेलें पत्र त्यांच्या हातांत देऊन ‘एवढें वाचून दाखव’ म्हटलें. अक्षरओळख नसल्यामुळें वाचतां येईना, आणि त्या लाजेनें त्यांच्या डोळ्यांत पाणी आलें. त्यानंतर ते अक्षरें शिकले. १९४३ च्या मे महिन्यांत त्यांनीं पहिलें गाणें रचलें, तें एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर केलेलें विडंबन होतें. पुढें २००४ सालीं त्यांचें निधन होईपर्यंत त्यांच्या मुखांतून किती गीतें बाहेर पडलीं याची मोजदाद करणें कठीण आहे. महाराष्ट्रांतील बौद्धवस्ती अशी नसेल कीं जेथें तीं गाइलीं गेलीं नाहींत.

येथें क्षणभर थांबलें पाहिजे. चित्रपटाच्या चालीवर शब्द बसविणें हें आमच्या वर्गांत हलकें काम मानलें जातें. कार्यशाळेंत मुलांनीं तसें केलें तर ‘यांत स्वतःचें काय?’ असा प्रश्न हमखास विचारला जातो. परंतु आमच्या वडीलधाऱ्यांनीं जीं नाट्यपदें डोक्यावर घेतलीं त्यांचीं जुनीं पुस्तकें उघडून पाहावीं. प्रत्येक पदाच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच एखाद्या पदाचा आरंभ छापलेला आढळेल. किर्लोस्करांच्या शाकुंतलापासून (१८८०) ही वहिवाट चालत आली. उसनी चाल ही शिकाऊ कवीची काठी आहे. चाल ठरलेली असली म्हणजे मात्रांचा हिशेब, यतीची जागा आणि यमकाचें स्थान हीं तीन ओझीं आधींच उतरतात, आणि नवशिक्याला शब्दांकडे लक्ष देतां येतें. वामनदादांना ही सोय मिळाली नसती तर पत्रावरील अक्षरें वाचतां आलीं असतीं, पण कवनाला हात घालण्याचा धीर त्यांना इतक्या लवकर झाला असता असें आम्हांस वाटत नाहीं.

दुसरें चरित्र अण्णा भाऊ साठे यांचें. जन्म १ ऑगस्ट १९२०, वाळवें तालुक्यांतील वाटेगांवीं. शाळा दीड दिवसाची. लहानपणींच कुटुंबाबरोबर पायीं चालत मुंबईस आले, पडेल तें काम केलें, आणि दुकानांवरच्या पाट्या व भिंतींवरचीं चित्रपटांचीं जाहिरातपत्रें वाचीत वाचीत अक्षरें जमविलीं. माटुंग्याच्या लेबर कॅम्पांत त्यांना चळवळीची दीक्षा मिळाली. १९४३ सालीं त्यांनीं रचलेला स्टालिनग्राडचा पोवाडा कामगारवस्तींत दुमदुमला. १९४४ सालीं अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनीं लाल बावटा कलापथक उभें केलें. या पथकांत येणारा पोरगा कोरसांत उभा राहून शिके; ती जुन्या फडाचीच पद्धति. फरक एवढाच कीं रात्रीं गाइलेल्या ओळीचा अर्थ त्याला दुसऱ्या दिवशीं गिरणीच्या दारांत पटे. स्वातंत्र्यानंतर सरकारनें तमाशावर आणि या पथकाच्या प्रयोगांवर बंदी घातली तेव्हां ‘लोकनाट्य’ हें नांव पुढें करून त्यांनीं मार्ग काढला.

अण्णा भाऊंचें बहुतेक लेखन घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टींत झालें. ‘फकिरा’ लिहिणारा ग्रंथकार, ज्याच्या कादंबरीला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, तो रशियाची यात्रा करून याच वस्तींत परत येत असे. अखेरच्या दिवसांत त्यांना गोरेगांवच्या सिद्धार्थनगरांत घर मिळालें आणि तेथेंच १८ जुलै १९६९ रोजीं त्यांचें निधन झालें. आम्हीं वर ज्याला उपनगरांतील शाळा म्हटलें तिचा हा थोर पंतोजी. पण उपनगरांतील सुशिक्षित कुटुंबांना त्याचा पत्ता बहुधा मृत्यूनंतर लागला.

आतां अंधेरीकडे वळूं. २५ मे १९४३ रोजीं मुंबईंत भारतीय जननाट्य संघाची, म्हणजे इप्टाची, स्थापना झाली. त्याच सालीं बंगालमध्यें दुष्काळ पडला होता. त्यांत सुमारें तीस लाख माणसें मेलीं असा अंदाज केला जातो. विनय राय हे कलकत्त्याकडून एक गायकपथक घेऊन आले आणि दुष्काळग्रस्तांसाठीं गाणीं गात त्यांनीं पैसा जमविला. त्या पथकाचें यश पाहून १९४४ सालीं संघाचें मध्यवर्ती पथक अंधेरीस वसविण्यांत आलें. अल्मोड्याचें उदयशंकरांचें कलाकेंद्र तेव्हां मोडकळीस आलें होतें, त्यामुळें तेथील शांति बर्धन, अवनि दासगुप्त, सचिन शंकर, नरेंद्र शर्मा असे कलावंत या पथकास मिळाले. पुढें रविशंकरहि येऊन मिळाले. निरनिराळ्या प्रांतांतून आलेलीं तरुण मुलें-मुली एकाच आवारांत राहत, एकत्र जेवत, आणि दिवसभर नृत्याचा व गाण्याचा सराव करीत. आज ज्याला निवासी कार्यशाळा म्हणतात तीच ही, परंतु दोन-चार दिवसांची नव्हे, तर दोन-अडीच वर्षांची.

येथें कामाची रीति अशी होती कीं प्रत्येक प्रांताच्या लोकगीतांचा व लोकनृत्यांचा मालमसाला गोळा करावयाचा, आणि त्यांतून तालीम घेतलेल्या कलावंतांनीं नवा प्रयोग बांधावयाचा. ‘स्पिरिट ऑफ इंडिया’ आणि त्यानंतरचें ‘इंडिया इम्मॉर्टल’ हीं दोन नृत्यनाट्यें अशींच तयार झालीं. याच काळांत, १९४५ सालीं, रविशंकरांनीं इक्बालांच्या ‘सारे जहाँ से अच्छा’ या १९०४ च्या कवितेला नवी चाल दिली. जुनी चाल संथ व उदास वाटे. त्यांनीं तिला चालत्या पावलांची लय दिली. आज देशांतील प्रत्येक शाळेंत जी चाल मुलें म्हणतात ती हीच. अंधेरींतल्याच शाळांत १५ ऑगस्टला झेंड्याखालीं उभ्या राहणाऱ्या मुलांना, ही चाल आपल्या गांवच्या एका पथकासाठीं बांधली गेली हें कोणी सांगत असेल काय?

एक योगायोग सांगण्याजोगा आहे. रविशंकर आणि अण्णा भाऊ दोघेहि १९२० सालचे. एकाचा जन्म एप्रिलांतला, दुसऱ्याचा ऑगस्टांतला. एकानें लहानपणीं पॅरिस पाहिलें, मग मैहरला अल्लाउद्दीनखांसाहेबांपाशीं वर्षानुवर्षें तपश्चर्या केली. दुसऱ्यानें दीड दिवसाची शाळा पाहिली. १९४५ च्या मुंबईंत दोघेहि एकाच चळवळीसाठीं गाणीं बांधीत होते. एकाची गंगा विद्येकडून लोकांकडे वाहत होती, दुसऱ्याची लोकांतून उसळत होती. आमचें मत विचाराल तर मुलांना शिकवितांना दोन्हींची गरज असते. परंतु अंधेरीच्या पथकांत जें घडलें तें तालीम घेतलेल्या मंडळींनीं रचलें, आणि १९४६-४७ च्या सुमारास पथक मोडतांच तीं माणसें आपआपल्या वाटेनें गेलीं. शांति बर्धन यांनीं १९५२ सालीं लिट्ल बॅले ट्रूप स्थापन केला, पण क्षयानें खंगलेल्या त्या कलावंताचा १९५४ सालीं अंत झाला, आणि त्यांची संस्था पुढें ग्वाल्हेरीस व तेथून भोपाळास गेली. चिरागनगरची शाळा मात्र एका माणसाच्या जाण्यानें बंद पडली नाहीं, हें पुढें दिसेल.

राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाचा उल्लेख न केला तर अन्याय होईल. १९४१ सालीं सेवा दलाची नवी उभारणी झाली. साने गुरुजींनीं १९४७ च्या मे महिन्यांत पंढरपूरचें मंदिर हरिजनांना खुलें व्हावें म्हणून उपोषण केलें, त्यापूर्वींचा त्यांचा महाराष्ट्रभर झालेला दौरा गाण्यांनीं गाजला. वसंत बापटांसारखा कवि, लीलाधर हेगडे यांच्यासारखा शाहीर, पु. ल. देशपांड्यांसारखा लेखक या पथकास लाभला. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरांत या गाण्यांवर वाढलेलीं माणसें असतील. तथापि एक उणीव स्पष्ट सांगितली पाहिजे. येथें गाणीं थोरांनीं लिहिलीं आणि मुलांनीं म्हटलीं. मुलांनीं लिहावें ही कल्पना त्या काळच्या शिक्षणांत नव्हतीच. पलुसकरांच्या गांधर्व महाविद्यालयानें १९०१ पासून मध्यमवर्गाला गावयास शिकविलें. पण त्यांतहि गाणें ‘बसविणें’ होतें, ‘रचणें’ नव्हतें. शाळेंत कविता चालीवर म्हणावयाची, तीहि ठरलेल्या चालीवर.

याला अपवाद शोधावयाचा तर डहाणूकडे जावें लागतें. १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें, आणि पुढें अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत काम केलें. गुरें चारणारीं मुलें शाळेंत येईनात, म्हणून शाळा कुरणांत गेली. शिंपले, खडे, पानें हीं शिक्षणाचीं साधनें झालीं आणि मुलांच्या बोलींतलीं गाणीं वर्गांत शिरलीं. याच सालीं आणि याच मुलुखांत गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं वारल्यांनीं वेठीविरुद्ध बंड केलें, हें येथें सहज आठवतें. बाप वेठ नाकारीत होता आणि पोर अक्षरें गिरवीत होतें.

चिरागनगरचा वारसा पुढें चालला, तो मुलुंडपर्यंत. तेथील एका झोपडींत विलास घोगरे हे शाहीर राहत. आव्हान नाट्य मंचाबरोबर ते वस्त्यावस्त्यांतून गात. झोपड्या पाडण्याचा विषय, पाण्याचा नळ, रोजगार, हें सारें त्यांच्या गाण्यांत येई. आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या चित्रपटांत त्यांचा आवाज ऐकावयास मिळतो. ११ जुलै १९९७ रोजीं घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरांत बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झालेली दिसली. संतप्त जमावावर राज्य राखीव पोलिसांनीं गोळीबार केला आणि दहा माणसें मेलीं. घोगरे तेथें जाऊन तें पाहून आले. १५ जुलै रोजीं त्यांनीं आपल्या झोपडींत जीवन संपविलें. पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा चित्रपट या घटनेपासून सुरू होतो, आणि त्यांत वस्त्यांतून गाणीं रचणारीं कितीतरी तरुण मुलें-मुली दिसतात.

आम्ही हा प्रसंग हलक्या हातानें येथें आणलेला नाहीं. मुलांना गाणें रचावयास शिकवा म्हणणारे शिक्षक बहुधा विषय स्वतः ठरवून देतात: स्वच्छता, झाडें लावा, पाणी वांचवा. मुलें आज्ञाधारक असतात. तीं झाडें लावतात, पाणी वांचवितात, आणि वीस शाळांतून वीस गाणीं एकाच साच्याचीं निघतात. ज्या मुलाच्या घरीं पाण्याचा नळच नाहीं त्यानें ‘पाणी वांचवा’ असें कां म्हणावें, हें कोणी विचारीत नाहीं. आणि त्यानें नळाविषयीं लिहिलें तर तें गाणें अखेरच्या दिवशीं पाहुण्यांपुढें म्हणूं द्यावयाचें कीं नाहीं, येथें खरा पेंच पडतो. खरें गाणें रचावयास शिकविलें म्हणजे मुलाच्या घरांतलें दुःख वर्गांत येणार. तें पेलण्याची तयारी असेल तरच या वाटेस जावें. नसेल तर पाठ्यपुस्तकांतली कविता चालीवर म्हणवून घ्यावी, त्यांत कोणाचें नुकसान नाहीं.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत या शाळेनें नवें रूप घेतलें आहे, आणि ‘रॅप’ हें त्याचें नांव ऐकतांच आमच्या वयाचे वाचक कपाळाला आठ्या घालतील. त्यांना आम्ही अमृतरायांच्या कटावांची आठवण देऊं इच्छितों. अठराव्या शतकांतला हा औरंगाबादचा कवि अनुप्रासांच्या लडी एका दमांत सोडी आणि यमकांवर यमकें आदळवी. कीर्तनांत कटाव सुरू झाला म्हणजे श्रोते सावरून बसत. रॅपचा घाट याहून फार निराळा नाहीं. मृदंगाच्या जागीं यंत्राचा ठोका आला एवढेंच. अंधेरीच्या जे. बी. नगरांत वाढलेला विवियन फर्नांडिस, ज्याला जग ‘डिव्हाइन’ म्हणून ओळखतें, आधीं इंग्रजींत रचूं लागला, कारण त्यानें ऐकलेलीं गाणीं अमेरिकेंतलीं होतीं. मग गल्लींतल्या हिंदींत आला, आणि २०१३ सालच्या ‘ये मेरा बॉम्बे’ या गाण्यानें त्याचें नांव झालें. उसन्या चालीवरून स्वतःच्या बोलींत येण्याचा हा प्रवास वामनदादांच्या प्रवासाहून वेगळा नाहीं. २०१५ सालीं धारावींत मुलांना हेंच शिकविणारी एक विनामूल्य शाळा उघडली, आणि २०१९ सालीं ‘गली बॉय’ हा चित्रपट आल्यावर तर उपनगरांतल्या गल्लीगल्लींत मुलें यमकें जुळवूं लागलीं.

त्याच २०१९ सालीं ‘स्वदेसी’ या मुंबईच्या तरुणांच्या मंडळीनें ‘द वारली रिव्होल्ट’ नांवाचें गाणें काढलें. त्यांत आरे वसाहतींतील केलटी पाड्यावरचे आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. शहरांतलीं मुलें पाड्यावर जाऊन शिकलीं, कीं पाड्यानें शहरांतल्या मुलांचा ठोका उसना घेतला, हें गाणें ऐकून ठरवितां येत नाहीं. गाण्याचा विषय जमिनीचा आणि झाडांचा. येथें झाडें कोणा शिक्षकानें विषय म्हणून नेमून दिलेलीं नव्हतीं. तीं दाराशीं होतीं, आणि मेट्रोच्या कारशेडसाठीं तोडली जाणार होतीं. ४ ऑक्टोबरच्या रात्रीं तोडणीस आरंभ झाला. ७ तारखेस सर्वोच्च न्यायालयानें ती थांबविली, तोंपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडें पडलीं होतीं.